मोजलेले मत आणि नेमलेला राज्यपाल

स्मरणिका म्हणजे केवळ वर्षाचा अहवाल, जयंतीची छायाचित्रे आणि देणगीदारांच्या जाहिराती यांचा संग्रह नव्हे, अशी आमची धारणा आहे. ज्या भूमीत आपण राहतो, जिच्या तिजोरीत कर भरतो, त्या भूमीच्या राजकारणाकडे वर्षातून एकदा तरी बाबासाहेबांच्या दृष्टीने पाहणे हे परदेशस्थ आंबेडकरी माणसाचे कर्तव्य आहे. म्हणून या वर्षी आम्ही एक असा प्रश्न मांडत आहोत, जो झुइडासच्या काचेच्या मनोऱ्यांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांच्या बोलण्यात चुकूनही येत नाही. बेटांवर राज्य कोणी करावे, आणि त्याला निवडावे कोणी?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. नेदरलँड्सच्या राजमुकुटाखाली कॅरिबियन समुद्रातील सहा प्रदेश आहेत. अरुबा, कुरासाव आणि सिंट मार्टेन हे राजसत्तेअंतर्गत स्वायत्त देश मानले जातात. बोनेअर, सिंट युस्टेशियस आणि साबा ही बेटे १० ऑक्टोबर २०१० पासून थेट नेदरलँड्समध्ये सामील झाली. पहिल्या तिन्ही ठिकाणी गव्हर्नर असतो. दुसऱ्या तिन्ही ठिकाणी जो प्रमुख प्रशासक असतो, त्यालाही इंग्रजीत बेटाचा गव्हर्नर असेच म्हणतात. या सहापैकी एकही पद बेटवासीयांच्या मताने भरले जात नाही. सहाही नेमणुका राजाच्या आदेशाने, म्हणजे वास्तवात हेगच्या मंत्रिमंडळाच्या संमतीने होतात.

हा विषय आम्ही आपल्या मंडळींत काढला, तेव्हा तीन उत्तरे मिळाली. पहिले उत्तर असे की, चिमुकल्या बेटावर गव्हर्नरची निवडणूक घेतली तर चार मतांच्या फरकाने निकाल लागेल, भावकीत वैर माजेल, खटले होतील. त्यापेक्षा वरून आलेला तटस्थ माणूस बरा. दुसरे उत्तर असे की, राज्यपाल नेमलेलाच असावा असे खुद्द बाबासाहेबांचे मत होते. तिसरे उत्तर सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय: आपल्याला काय त्याचे? या तिन्ही उत्तरांचा समाचार घेण्यासाठी हा लेख आहे.

चुरस हा दोष नव्हे

जेथे बेटांवर गव्हर्नर निवडला जातो तेथे काय घडते, ते पाहू. पोर्तो रिको हे बेट १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात आले. पुढे जवळजवळ अर्धशतक त्याचा गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जात असे. १९४७ साली कायदा झाला आणि १९४८ साली बेटवासीयांनी लुईस मुन्योस मारीन यांना आपला पहिला निर्वाचित गव्हर्नर म्हणून निवडले. याच बेटावर नोव्हेंबर २००४ मध्ये अनिबाल असेवेदो व्हिला आणि पेद्रो रोसेयो यांच्यात लढत झाली. सुमारे वीस लाख मतांत दोघांमधील अंतर होते अवघे ३,५६६ मतांचे. काही हजार मतपत्रिका अशा निघाल्या की, मतदाराने खूण एका छोट्या पक्षाच्या चिन्हाखाली केली होती आणि गव्हर्नरपदासाठी मत मात्र दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला दिले होते. ही मते वैध की अवैध? वाद बेटाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत गेला, फेरमोजणी झाली. अखेर ती मते ग्राह्य धरली गेली आणि जानेवारी २००५ मध्ये असेवेदो व्हिला यांनी शपथ घेतली. विधिमंडळात बहुमत दुसऱ्या पक्षाचे होते. तरीही बेट समुद्रात बुडाले नाही. पुढची निवडणूक वेळेवर झाली आणि तीत तेच गव्हर्नर पराभूत होऊन पायउतार झाले.

पॅसिफिक महासागरातील गुआमची कथा याहून बोलकी आहे. तेथे गव्हर्नर होण्यासाठी पडलेल्या मतांचे बहुमत लागते. १९९८ साली कार्ल गुतिएरेझ यांच्या जोडीला २४,२५० मते मिळाली आणि प्रतिस्पर्धी जोसेफ अडा यांच्या जोडीला २१,२००. प्रश्न असा उभा राहिला की, मतदानाला येऊनही गव्हर्नरपदाच्या रकान्यात कोणतीच खूण न करणारे जे १,३१३ मतदार होते, त्यांची मतपत्रिका बेरजेत धरायची की नाही? धरली आणि बाद मतेही मिळवली, तर विजेत्याची टक्केवारी ४९.८३ होते आणि फेरनिवडणूक घ्यावी लागते. कोरी सोडली, तर विजेता बहुमतात राहतो. या एका प्रश्नासाठी प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २००० मध्ये निकाल लागला की कोरी मतपत्रिका या पदाच्या बेरजेत धरता येणार नाही. एका लहानशा बेटावरील तेराशे माणसांच्या कोऱ्या कागदाचा अर्थ लावण्यासाठी देशाचे सर्वोच्च न्यायपीठ बसले. याला कोणी भाऊबंदकी म्हणत असेल तर म्हणो. आम्ही याला मताची प्रतिष्ठा म्हणतो.

आपल्या देशातही असे बेट आहे. लक्षद्वीपमधून सलग दहा वेळा लोकसभेवर निवडून गेलेले पी. एम. सईद २००४ साली केवळ ७१ मतांनी पराभूत झाले. लक्षद्वीपला विधानसभा नाही. तेथील प्रशासक दिल्लीहून नेमला जातो. बेटवासीयांनी आपले लोकसभेचे मत किती तोलून वापरले, हे त्या ७१ च्या आकड्यावरून दिसते.

आणि मत वाया जाणे म्हणजे काय, हे आंबेडकरी माणसाला कोणी शिकवावे? १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात बाबासाहेब नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे चौदा हजार मतांनी पराभूत झाले. त्या मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली होती. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच पेटीत टाकता येत नव्हती. आणि मतदारांनी आपली मते अशा रीतीने कुजवावीत असा पद्धतशीर प्रचार झाला, असा आक्षेप बाबासाहेबांनी अशोक मेहता यांच्यासह निवडणूक अर्ज दाखल करून घेतला. घटनेच्या शिल्पकाराचा पराभव ज्या निवडणुकीत झाला, तिच्याविरुद्ध त्याने कायद्याचीच वाट धरली. निवडणुका नकोत, असे तो म्हणाला नाही.

चुरशीची भीती घालणाऱ्यांना आम्ही विचारतो, चुरस नसलेली निवडणूक आपण पाहिली आहे ना? आपल्या गावाकडे तिला ‘बिनविरोध’ म्हणतात. पाटलाच्या ओसरीवर बैठक बसते, गावाच्या एकोप्याच्या गोष्टी होतात आणि ज्याचे नाव ठरते त्याच्याविरुद्ध अर्ज भरणारा गावद्रोही ठरतो. २०२० च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे ग्रामपंचायतीच्या पदांसाठी चक्क लिलाव बोलला गेला. राज्य निवडणूक आयोगाला जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द करावी लागली. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी यांसारख्या गावांत सरपंचपद दलितांसाठी राखीव होताच १९९६ पासून दहा वर्षे निवडणूकच यशस्वी होऊ दिली गेली नाही. २००६ साली ती झाली. तेव्हा एकोप्याची भाषा कोणाच्या सोयीची असते, हे आपण पुरते जाणतो. जेथे निकालाआधी निकाल ठरलेला असतो, तेथे दुर्बलाच्या मताला कोणी विचारत नाही. जेथे निकाल ७१ मतांवर अडतो, तेथे बलवानालाही दुर्बलाच्या उंबरठ्याशी यावे लागते. अटीतटीची निवडणूक ही दुर्बलाची संपत्ती आहे.

बाबासाहेबांचे मत कशाकरिता होते?

आता दुसरे उत्तर. संविधान सभेने १९४७ साली राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा हे तत्त्व प्रथम स्वीकारले होते. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात दोन पर्याय होते: थेट निवडणूक, किंवा विधिमंडळाने निवडलेल्या चार नावांतून राष्ट्रपतीने करावयाची नेमणूक. ३० आणि ३१ मे १९४९ रोजी या कलमावर चर्चा झाली आणि अखेर राष्ट्रपतीने नेमलेला राज्यपाल हे तत्त्व मान्य झाले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला, हे खरे आहे.

परंतु त्यांनी दिलेले कारण पाहिल्याशिवाय त्यांचे नाव घेणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांचा युक्तिवाद असा की, घटनेने राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने वापरण्याजोगे अधिकार जवळजवळ दिलेलेच नाहीत. राज्य चालवणार आहे ते विधानसभेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ. शोभेच्या पदासाठी सबंध प्रांताचे मतदान कशाला? शिवाय लोकांनी थेट निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री अशी दोन सत्ताकेंद्रे एकमेकांवर आदळतील, हा धोका त्या चर्चेत अनेकांनी दाखवला. म्हणजे नेमणुकीचे समर्थन एका अटीवर उभे होते: खरी सत्ता निर्वाचितांच्या हाती असावी. ती अट काढून घेतली की समर्थनही कोसळते. राज्यपाल नेमलेला चालेल, कारण तो राज्य करणार नाही, असे म्हणणाऱ्या माणसाला ‘राज्य करणारा नेमलेलाच असावा’ या पक्षात बसवणे म्हणजे वकिलाने अर्धीच साक्ष वाचून दाखवण्यासारखे आहे. याच माणसाने १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली होती आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाची मागणी केली होती. मत देण्याची पात्रता अजून तुमच्या अंगी आलेली नाही, हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकले आणि आयुष्यभर खोडून काढले.

कोणी म्हणेल, अ‍ॅमस्टरडॅमचा महापौरही कोठे निवडला जातो? प्रश्न रास्त आहे. या देशात महापौर आणि प्रांतांचे आयुक्त नेमण्याची जुनी रीत आहे. महापौराच्या नेमणुकीची तरतूद २०१८ साली राज्यघटनेतून काढली, तरी कायद्याने नेमणूकच चालू राहिली. परंतु अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौराची शिफारस करणारी नगरपरिषद येथील मतदार निवडतात, आणि नेमणूक करणारे मंत्री ज्या संसदेला उत्तर देतात, तीही डच मतदारच निवडतात. कुरासावचे काय? तेथे स्वतःची निर्वाचित संसद आहे, मंत्रिमंडळ आहे. त्या बाबतीत तेथील गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा आहे. पण त्याला नेमणारे सरकार ज्या कनिष्ठ सभागृहापुढे झुकते, त्या सभागृहासाठी कुरासावमध्ये राहणारा सामान्य डच नागरिक मतदान करू शकत नाही. त्यासाठी त्याने पूर्वी दहा वर्षे नेदरलँड्समध्ये काढलेली असावी लागतात, किंवा तो डच सरकारी सेवेत असावा लागतो. आपल्या राज्यपालाला नेमणारा राष्ट्रपती निदान आपल्याच आमदार-खासदारांच्या मतांनी निवडला जातो. कुरासावच्या गव्हर्नरला नेमणारे सरकार निवडण्यात सामान्य बेटवासीयाच्या मताला असे स्थान नाही.

मोजले, पण मूल्य किती?

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशी येतो. निवडणूक घेतली, मते काटेकोर मोजली, म्हणजे लोकशाही पूर्ण झाली असे नव्हे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेला जो इशारा दिला तो हाच होता: राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करू, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात प्रत्येक माणसाचे मूल्य सारखे मानण्याचे नाकारत राहू, आणि ही विसंगती फार काळ टिकली तर राजकीय लोकशाहीचा डोलाराच उद्ध्वस्त होईल. बेटांच्या बाबतीत ही विसंगती राजकारणातच शिरली आहे. मत आहे, मोजणी आहे, मूल्य नाही.

ज्या पोर्तो रिकोत ३,५६६ मतांसाठी दोन महिने न्यायालये झुंजली, त्या बेटाच्या रहिवाशांना अमेरिकेच्या अध्यक्षासाठी मत नाही. त्यांचा एकमेव प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या सभागृहात बसतो, परंतु कायद्याच्या अंतिम मतदानात त्याला मत नाही. आणि २०१६ साली बेट कर्जात बुडाले, तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून त्याच्या अर्थकारभारावर सात जणांचे मंडळ बसवले. लोकांनी निवडलेल्या गव्हर्नरला त्या मंडळात पदसिद्ध जागा मिळाली; मताचा अधिकार मात्र मिळाला नाही. ज्याच्यासाठी लाखोंनी मते दिली, तो आपल्याच बेटाच्या अर्थसंकल्पावर मत देऊ शकत नाही! वाड्यावरच्या बैठकीत दलित सरपंचाला खुर्ची द्यावी आणि सही मात्र उपसरपंचाने करावी, त्यातलाच हा प्रकार.

हे साम्य केवळ उपमेपुरते नाही. १९०१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, नव्याने जिंकलेली बेटे अमेरिकेच्या मालकीची आहेत, पण राज्यघटनेचे संपूर्ण संरक्षण त्यांना आपोआप लागू होत नाही. तेथे परक्या वंशांचे लोक राहतात, हे त्यामागचे एक कारण उघडपणे लिहिले गेले. त्या खटल्यातील प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते हेन्री बिलिंग्ज ब्राउन. याच ब्राउन यांनी १८९६ साली प्लेसी खटल्यात काळ्यांसाठी वेगळा डबा आणि गोऱ्यांसाठी वेगळा डबा घटनेला धरून आहे, असा निकाल लिहिला होता. दोन्ही वेळा विरोधी मत लिहिले ते न्यायमूर्ती हार्लन यांनी. वेगळ्या डब्याचा निकाल १९५४ साली मोडीत निघाला. बेटांचा निकाल अजून औपचारिकपणे रद्द झालेला नाही. २०२२ साली न्यायमूर्ती गोर्सच यांनी तो रद्द करावा असे स्पष्टपणे लिहिले. वेगळा पाणवठा आणि वेगळे संविधान हे एकाच लेखणीतून उतरले आहेत, हे आंबेडकरी वाचकाने मनात कोरून ठेवावे.

डच राज्यकर्ते यात मागे नाहीत. पूर्वी असा नियम होता की, डच नागरिक जगातील कोणत्याही परक्या देशात जाऊन राहिला तरी युरोपीय संसदेसाठी मत देऊ शकतो, परंतु अरुबा किंवा अँटिल्समध्ये राहत असेल तर देऊ शकत नाही. म्हणजे राजमुकुटाबाहेर गेले तर अधिकार शाबूत, राजमुकुटाच्याच बेटावर राहिले तर अधिकार गुल! अरुबाचे दोन नागरिक, एमान आणि सेव्हिंगर, याविरुद्ध लढले आणि सप्टेंबर २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा भेदभाव समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवला. तो अधिकार मिळाला तो कोणाच्या औदार्याने नव्हे. तो झगडून घेतला गेला.

सार्वमतांची कथाही ऐकावी. २००५ साली सिंट युस्टेशियसच्या तीन चतुर्थांश मतदारांनी नेदरलँड्स अँटिल्समध्येच राहण्याचा कौल दिला. पाच वर्षांनी अँटिल्सच बरखास्त झाले. कुरासावमध्ये मे २००९ मध्ये नव्या व्यवस्थेवर सार्वमत झाले. बाजूने सुमारे ५२ टक्के, विरुद्ध सुमारे ४८. बोनेअरने डिसेंबर २०१५ मध्ये थेट जोडणीची प्रचलित रचना सुमारे दोन तृतीयांश मतांनी नाकारली. रचना होती तशीच राहिली. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंट युस्टेशियसची निर्वाचित परिषद हेगने कायद्याने बरखास्त करून सरकारी आयुक्त बसवला. बेटावरील कारभाराविषयी गंभीर आक्षेप होते, हे आम्ही नाकारत नाही. पण मतदारांना पुन्हा परिषद निवडण्यासाठी ऑक्टोबर २०२० उजाडावा लागला. कारभार वाईट असेल तर मतदाराच्या हाती लवकर निवडणूक द्यावी. मतदारालाच रजेवर पाठवू नये.

डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान रुट यांनी आणि १ जुलै २०२३ रोजी राजाने गुलामगिरीबद्दल क्षमा मागितली. १७९५ साली कुरासाववर गुलामांच्या उठावाचे नेतृत्व करणाऱ्या तुलाचे नाव या देशात आता आदराने घेतले जाते. त्या क्षमेचे आम्ही स्वागत करतो. पण चवदार तळ्याचा सत्याग्रह क्षमा मागून घेण्यासाठी नव्हता, हक्क बजावण्यासाठी होता. तुलाच्या वंशजांनाही हेगच्या संसदेपुढे आपले मत मोजले जावे, असा हक्क हवा आहे.

आपल्याला काय त्याचे?

राहिले तिसरे उत्तर. झुइडासमधील बँका, कायद्याची आणि हिशेबाची कार्यालये यांत आपले शेकडो बांधव संगणकापुढे बसतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्स अँटिल्स हे जगभरच्या कंपन्यांचे कर वाचवण्याचे प्रसिद्ध ठिकाण होते. अशा व्यवहारांच्या फायलींत बेटाचे नाव असे, बेटावरचा माणूस नसे. आकड्यांच्या या जगात राहून आपणही त्या माणसाला विसरलो, तर बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालण्याचा अधिकार आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

शिवाय प्रश्न आपल्या स्वतःच्या मताचाही आहे. ज्यांच्याकडे डच नागरिकत्व नाही, अशा युरोपीय संघाबाहेरच्या रहिवाशांनाही पाच वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य झाल्यावर नगरपरिषदेच्या निवडणुकीत मत देता येते. हा अधिकार १९८५ च्या कायद्याने मिळाला आणि १९८६ साली प्रथम वापरला गेला. नावनोंदणीसाठी खेटे घालावे लागत नाहीत. मतदानाचे पत्र टपालाने घरी येते. अ‍ॅमस्टरडॅम आणि आम्स्टलव्हेनच्या आपल्या किती घरांत ते पत्र जाहिरातींच्या कागदांबरोबर रद्दीत जाते, याचा प्रत्येकाने आपापल्या घरी शोध घ्यावा. ज्या समाजाच्या पूर्वजांना मतासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले, त्या समाजाच्या मुलांनी मत रद्दीत टाकावे, यापरते दुर्दैव कोणते?

म्हणून आमचे आवाहन आहे. पाच वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक सभासदाने नगरपरिषदेच्या प्रत्येक निवडणुकीत मतदान करावे. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला घरांच्या भाड्याबरोबर हाही प्रश्न विचारावा की, तुमच्या पक्षाची बेटांच्या मताधिकाराविषयी भूमिका काय? ज्यांनी डच नागरिकत्व घेतले आहे, त्यांनी संसदेच्या उमेदवारांना तोच प्रश्न अधिक ठणकावून विचारावा. आणि या शहरात राहणारे अँटिल्सचे, सुरिनामचे जे बांधव आहेत, त्यांना आपल्या जयंतीच्या व्यासपीठावर सन्मानाने बोलवावे. त्यांचे ऐकावे, आपले सांगावे.

राज्यपाल निवडलेला असावा की नेमलेला, यावर सभ्य माणसांत मतभेद असू शकतात. पण ज्याच्यावर राज्य करायचे त्याचे मत कोठेच मोजले जात नसेल, तर यावर आंबेडकरी माणसाला दोन मते असू शकत नाहीत.

जय भीम!

अ‍ॅमस्टरडॅम झुइडास